तिची वही तिच्या जन्मापासून

रविवार, रात्री उशिरा

दत्तक घेतलेल्या आमच्या लेकीसाठी तिच्या आयुष्याची वही करतोय. ती कुठून सुरू करायची, यावर आज आमचं एकदाचं एकमत झालं. नवऱ्याचं म्हणणं होतं की पहिलं पान आपल्या दत्तकाच्या अर्जाचं असावं. मग गृहभेट, मग ते न संपणारं वाट पाहणं, मग संस्थेचा फोन. त्याचंही खरंच आहे, तो काळ आम्ही जीव मुठीत धरून काढला. पण ती आमची गोष्ट झाली. लेक आमच्याकडे यायच्या आधीही या जगात होती. जन्मली होती, कुणीतरी तिला पहिली आंघोळ घातली होती, कुणाकडे तरी बघून ती पहिल्यांदा हसली होती. म्हणून पहिल्या पानावर तिची जन्मतारीख आणि जन्माचं वजन, बास. आम्ही दोघं बऱ्याच पुढच्या पानावर येतो.

दुसऱ्या पानाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तिच्या जन्मदात्या आईविषयी संस्थेच्या फाइलमध्ये मोजक्याच ओळी आहेत. त्यातलं जे आहे तेवढंच लिहायचं ठरवलं. ‘तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं, म्हणून तिनं तुला दिलं’ असं लिही, असं जवळच्या कितीतरी जणांनी सुचवलं. ऐकायला गोड वाटतं, पण मी ते वाक्य घेतलं नाही. एक तर तिच्या मनात काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही. आणि चार वर्षांचं मूल त्यातून सरळ अर्थ काढतं, की ज्याच्यावर प्रेम असतं त्याला देऊन टाकतात. प्रेम तर आम्हीही तिच्यावर करतो. मग तिनं रात्री निर्धास्त झोपायचं कसं? शेवटी लिहिलं, ‘तू तुझ्या जन्मदात्या आईच्या पोटात वाढलीस. त्या वेळी तिला कुठल्याच बाळाला सांभाळणं शक्य नव्हतं. तुझं काहीही चुकलं नव्हतं.’ वडिलांबद्दल एकच ओळ, ‘त्यांच्याविषयी आपल्याला माहिती नाही.’ त्याखाली अर्धं पान कोरं सोडलंय. ते परीकथेनं भरायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलंय.

आज दुपारभर एकाच कागदावर रेंगाळले. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या मावशींनी निघताना हातात दिलेली चिठ्ठी. निळं बॉलपेन, ओळी वर चढत गेलेल्या. ‘झोपताना डावा कान धरते. कुशीवर नीट झोपते. अंघोळीच्या वेळी गाणं म्हटलं तर रडत नाही.’ डावा कान ती अजून धरते! आत्ता डोकावून आले, आताही धरलेला आहे. वैद्यकीय अहवालात तिची उंची आहे, लसी आहेत, डोक्याचा घेर आहे, पण ती झोपेपर्यंत कुणी तरी शेजारी बसून असायचं, हे फक्त या चिठ्ठीत आहे. नवरा म्हणाला, टाइप करून छान छापून लावू. मी म्हटलं, नाही, अक्षर मावशींचंच राहू दे.

मूळ चिठ्ठी मात्र वहीत चिकटवणार नाही. दाखले, आदेश, चिठ्ठ्या सगळं मूळ स्वरूपात वेगळ्या फाइलमध्ये आणि वहीत त्यांच्या प्रती. लॅमिनेशनला मी ठाम नकार दिला, एकदा केलं की कागद पुन्हा सुटा होत नाही. पानं आम्लमुक्त कागदाची घेतलीत. साध्या स्वस्त कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, असतं, त्यानं तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. फोटो कोपऱ्यांत अडकवायचे, डिंक नाही. पारदर्शक खिशांचं प्लास्टिक पीव्हीसी नको, त्यानं फोटो कालांतराने खराब होतात. पॉलिप्रॉपिलीनचे चालतात. तिला घरी आणलं त्या दिवसाची टॅक्सीची पावती थर्मल कागदावरची आहे, तिच्यावरचा मजकूर आत्ताच फिकट झालाय. बरं झालं, आज तिची झेरॉक्स काढली.

आणखी एक गोष्ट पक्की केली. वही ती मैत्रिणींना दाखवणार, पाहुण्यांसमोर उघडणार. म्हणून जन्मदात्या आईचं नाव, आजारपणाची माहिती, न्यायालयाचे कागद त्यात नाहीत. ते तिच्या फाइलमध्ये आहेत, आणि विचारेल तेव्हा आम्ही सोबत बसून वाचू. लपवायचं म्हणून नव्हे. कुणाला काय सांगायचं हे तिनं ठरवायचं, म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, सातव्या कलमात, मुलाला शक्य तितपत आपले आईवडील कोण हे जाणून घेण्याचा हक्क दिलाय आणि आठव्यात स्वतःची ओळख जपण्याचा. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबाबतचा १९९३ चा हेग करारही मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवायला सांगतो. आमचं दत्तक देशातलंच, पण वाचल्यावर वाटलं, ही फाइल आमच्याकडे नुसती ठेव म्हणून आहे. मालकीण ती.

संध्याकाळी ती येऊन मांडीवर बसली. संस्थेतल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, ‘हे बाळ कुणाचं?’

‘हे तूच आहेस.’

‘मग मी तुझ्या पोटात कधी होते?’

‘माझ्या नव्हतीस. तुझ्या जन्मदात्या आईच्या पोटात होतीस. मग या मावशींकडे राहिलीस, मग आम्ही तुला घरी आणलं.’

तिनं जरा विचार केला आणि मावशींच्या फोटोशेजारी मोठ्ठं पिवळं स्टिकर चिकटवलं. वाकडं लागलंय, तसंच राहील.

वही रिंगांची घेतली ते याचसाठी. आठव्या वर्षी तिचे प्रश्न वेगळे असतील, तेराव्या वर्षी तर फारच वेगळे, तेव्हा मधे पानं घालता आली पाहिजेत. उद्या संस्थेला पत्र टाकायचंय. ती ज्या खोलीत झोपायची तिचा फोटो मिळेल का, आणि मावशी अजून तिथेच असतील तर अंघोळीच्या वेळचं ते गाणं कोणतं, एवढं विचारायचंय.