ड्रायव्हर होता, पण हजेरीत त्याचं नाव नव्हतं

निपाणीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी २०११ पासून सांभाळतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल. बिल मराठीतही निघतं, कन्नडमध्येही निघतं. संस्थेत दोन्ही भाषांची घरं आहेत. जेएसपी म्हणजे जावात लिहिलेली वेब पानं, ती चालवणारा टॉमकॅट सर्व्हर आणि मायएसक्यूएल डेटाबेस, एवढाच सगळा संसार. विंडोजच्या एका मशीनवर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला आणि मग एका पावसाळ्यात त्या मशीनचा मदरबोर्ड गेला.

सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी बेळगावात होतो. "दादा, मशीन चालूच हुईना बगा. उद्या बिल वाटायचं हाय."

दुधाचं बिल म्हणजे बऱ्याच घरांत बाईच्या हातात येणारा एकमेव रोख पैसा. किराणा, पोरांची फी, पेंडीची उधारी सगळं त्यावर. तारीख चुकवायची नाही हे मी पहिल्या वर्षीच शिकलो होतो. दुसरं मशीन घेतलं, त्यावर उबंटू २०.०४, जावा ११, टॉमकॅट ९ आणि मायएसक्यूएल ८ टाकलं आणि काकती, हत्तरगी, संकेश्वर करत संध्याकाळी गावात पोचलो. रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता, तो अर्ध्या तासात चढला. लॉगिनचं पान उघडलं. पासवर्ड टाकला आणि समोर आलं: नो सुटेबल ड्रायव्हर फाउंड.

जावाचा प्रोग्राम डेटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये जेडीबीसी ड्रायव्हर लागतो, म्हणजे डेटाबेस बनवणाऱ्यांनी दिलेली एक जार फाइल, जावाच्या कोडचं बांधलेलं गाठोडं. 'नो सुटेबल ड्रायव्हर' या निरोपाचे अर्थ दोनच: एक तर पत्ता, म्हणजे यूआरएल, चुकीचा लिहिलाय, नाहीतर त्या पत्त्याला ओ देणारा कुठलाही ड्रायव्हर नोंदलेलाच नाही. पत्ता मी अक्षर न् अक्षर वाचून काढला. बरोबर होता.

मग ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या जार जिथे राहतात तो वेब-इन्फमधला लिब फोल्डर उघडला. त्यात मायएसक्यूएलची जारच नव्हती! मग इतकी वर्षं हे चाललं कशावर? जुनी हार्ड डिस्क केबलने जोडून शोधत बसलो. जार सापडली ती जावाच्याच फोल्डरमध्ये, लिबच्या आतल्या एक्स्ट नावाच्या कप्प्यात. २०११ मध्ये मीच ती तिथे ठेवली होती. त्या कप्प्यातलं सगळं जावाला आपोआप दिसायचं, म्हणून तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

नव्या जावातही तसाच एक्स्ट फोल्डर बनवला, जार टाकली, टॉमकॅट पुन्हा सुरू केला. टॉमकॅट उठेचना. लॉग बघितला तर जावाच उठायला तयार नव्हतं. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून ही सोय काढून टाकलेली आहे, आणि नुसती काढलेली नाही, तर तो फोल्डर दिसला की जावा सुरू व्हायलाच नकार देतं. फोल्डर पुसला.

आता जार वेब-इन्फच्या लिबमध्ये ठेवली. कुठलंही पुस्तक हीच जागा सांगतं. टॉमकॅट सुरू केला, पासवर्ड टाकला. पुन्हा तेच, नो सुटेबल ड्रायव्हर.

इथे माझे दोन तास गेले. परवानग्या तपासल्या, जार तुटली आहे का ते उघडून बघितलं. सेक्रेटरींच्या घरून भाकरी आणि पिठलं आलं, ते तसंच झाकून ठेवलं. शेवटी नुसतं चाचपडणं थांबवलं आणि चार ओळींचं एक जेएसपी पान लिहिलं. त्याचं काम एकच, ड्रायव्हरमॅनेजरला, म्हणजे ड्रायव्हरांची नोंद ठेवणाऱ्या जावाच्या भागाला, विचारायचं की तुझ्याकडे या घडीला कोणकोणते ड्रायव्हर नोंदलेले आहेत, आणि ती नावं पानावर छापायची. पान उघडलं. कोरं. एकही नाव नाही. मग त्याच पानाच्या वर एक ओळ घातली, क्लास डॉट फॉरनेम आणि कंसात ड्रायव्हरचं पूर्ण नाव, म्हणजे ड्रायव्हरला नावाने हाक. पान ताजं केलं आणि नाव उमटलं.

म्हणजे जार जागेवर होती, वाचताही येत होती. फक्त तिला कुणी हाक मारली नव्हती.

जावा ६ बरोबर जेडीबीसी ४ आलं, तेव्हापासून ड्रायव्हरला हाक मारायची गरज नाही असं आपण धरून चालतो. जारच्या आत मेटा-इन्फमध्ये सर्व्हिसेस म्हणून फोल्डर असतो, त्यातल्या फाइलीत ड्रायव्हरच्या क्लासचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचून ड्रायव्हरमॅनेजर स्वतःच नोंद करतो. पण ही हजेरी तो एकदाच घेतो. टॉमकॅट तर स्वतः उठता उठताच ती घ्यायला लावतो, मेमरी अडकून राहू नये म्हणून. आमच्या संस्थेत सकाळी शटर पडल्यावर कॅन घेऊन आलेल्या माणसाचं दूध कितीही चांगलं असो, त्याची नोंद त्या वेळच्या संकलनात होत नाही. ॲप्लिकेशनच्या लिबमधली जार ही अशी शटर पडल्यावर येणारी. हजेरीच्या वेळी टॉमकॅटला स्वतःचा लिब दिसतो, ॲप्लिकेशनचा लिब तेव्हा त्याच्या नजरेतच नसतो. जुन्या मशीनवर जार जावाच्याच घरात होती, म्हणून ती हजेरीला सगळ्यांत आधी उभी असायची.

माझ्या मते 'सापडत नाही' असं मशीन म्हणालं की 'कुणाला सापडत नाही' हे आधी विचारावं. क्लासनॉटफाउंड आलं तर जारच दिसत नाही किंवा क्लासचं नाव चुकलंय. नो सुटेबल आलं तर पत्ता आणि नोंद बघायची. दोन्ही निरोपांवर एकच उपाय करत बसलं की रात्र जाते.

जार वेब-इन्फमधून उचलली आणि टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवली. दोन्हीकडे प्रती ठेवायच्या नाहीत. दोन आवृत्त्या झाल्या की कुठली चालतेय ते कळत नाही. टॉमकॅट पूर्ण बंद करून सुरू केला, कारण नुसतं ॲप्लिकेशन रिलोड करून ही हजेरी पुन्हा होत नाही.

निरोप बदलला! कॅशिंग शा-टू पासवर्ड नावाचं प्लगइन लोड करता येत नाही, असं आलं. मायएसक्यूएल ८ ची पासवर्ड तपासायची पद्धत बदललेली आहे आणि माझा ५.१ चा जुना ड्रायव्हर ती ओळखत नव्हता. पेन ड्राइव्हवर ८.०.१६ ची जार होती, ती ठेवली आणि जुनी काढली. या नव्या जारमध्ये क्लासचं नावही बदललंय, मधे 'सीजे' आलंय. जुनं नाव अजून चालतं, पण लॉगमध्ये सूचना टाकतं.

आणखी एक अडसर राहिला होता. सर्व्हरची वेळ 'आयएसटी' आहे आणि ती ओळखता येत नाही, किंवा एकापेक्षा जास्त ठिकाणची असू शकते, अशी तक्रार आली. खरंच आहे, आयएसटी भारताचीही आणि इस्रायलचीही. यूआरएलच्या शेवटी सर्व्हरटाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता लिहिलं. पावणेतीनला लॉगिन झालं.

सेक्रेटरी बाकावर पांघरूण घेऊन पडले होते, ते उठून बसले. "लागलं काय ओ?"

"लागलं, मामा. प्रिंटर चालू करा."

पहिलं बिल कन्नडमधलं निघालं. नावातली जोडाक्षरं नीट आली आहेत ना, ते त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग मराठीतलं निघालं, ते मी वाचलं. साडेचारला गठ्ठा पूर्ण झाला, तोवर पहिल्या कॅनचा आवाज दारात आला होता.

निघण्याआधी संस्थेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं: ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिबमध्ये, आवृत्ती ८.०.१६, एकच प्रत. खाली मामांनी तीच ओळ कन्नडमध्ये लिहिली आणि तारीख घातली.