सुट्टी, गच्ची आणि पडद्याचा रॉड

परीक्षा संपल्या, सुपरव्हिजन झालं, कॅपला (म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर) जाऊन गठ्ठे तपासून झाले, इंटर्नलचे मार्क पोर्टलवर चढवून झाले (ते पोर्टल माणसाची सहनशक्ती तपासायलाच बनवलंय अशी माझी पक्की खात्री आहे) आणि आता जानेवारीत नवीन सेम सुरू होईपर्यंत सुट्टी. "तुम्हा प्राध्यापकांचं बरंय बाबा" हे वाक्य या दिवसांत जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा वर्षभरात ऐकत नाही, आणि आता मी वादही घालत नाही, बरंच आहे म्हणते आणि चहा पिते.

करते काय तर विशेष काही नाही. सकाळी वेताळ टेकडी. आल्यावर दुसरा चहा. मग पुस्तकांचं कपाट आवरायला काढायचं आणि त्यातलंच एखादं उघडून फरशीवर बसून राहायचं, कपाट तसंच. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, रमणबागेतून मुकुंदनगरला गेल्यापासून कोथरूडहून तिकडे जायचा कंटाळा येतो पण एखाद्या संध्याकाळी तरी जातेच. आणि पाण्याच्या टाकीवर येऊन बसणारा थिरथिरा पक्षी बघायचा. कृष्ण थिरथिरा, हिमालय आणि मध्य आशियाच्या बाजूने थंडीत इकडे येतो, एवढासा जीव, सारखी शेपटी थरथरवत असतो आणि मी बघतेय याचं त्याला काहीही पडलेलं नसतं.

पण सुट्टीतला खरा उद्योग म्हणजे गच्चीवरची काठी. काठी म्हणजे पडद्याचा जुना रॉड, बरोब्बर १ मीटर कापून घेतलेला, डिस्टेंपरच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून ओळंब्याने सरळ उभा केलेला. दुपारी त्याची सावली बघायची आणि खडूने खूण करायची, बस एवढंच. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी याला शंकू म्हटलंय आणि एवढ्याशा साधनावर त्यांनी दिशा, वेळ, अक्षांश असं काय काय काढलंय. मी वर्गात हे सगळं फळ्यावर दहा मिनिटांत उरकते कारण सिलॅबस पुढे पळत असतो, आणि मग इथे त्याच गोष्टीपाशी आठवडेच्या आठवडे बसते.

ऐकायला सोपं वाटतं पण सावलीचं टोक नक्की कुठे आहे हे सांगताच येत नाही! सूर्य म्हणजे काही ठिपका नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे माझ्या काठीच्या सावलीचं टोक दीडेक सेंटीमीटरभर नुसतं धूसर असतं, गडद कुठे संपलं आणि उजेड कुठे सुरू झाला यावर नवऱ्याचं आणि माझं कधीच एकमत होत नाही. मग मी रॉडच्या डोक्यावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला आणि त्याला सुईने भोक पाडलं. आता पुठ्ठ्याच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा एक छोटा अंडाकृती ठिपका पडतो, तो ठिपका म्हणजे चक्क सूर्याची प्रतिमा, आणि त्याच्या मध्यावर खूण करणं कितीतरी सोपं. दोन मिनिटं नुसतं बघत राहिलं तरी ठिपका सरकताना दिसतो. पृथ्वी फिरते हे मी इतकी वर्षं शिकवतेय पण ती आपल्या पायाखाली फिरतेय असं मला वाटतं ते त्या ठिपक्याकडे बघतानाच.

२१ डिसेंबरला पुण्यात सूर्य दिवसातल्या सगळ्यात उंच जागी येतो तेव्हाही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, म्हणजे १ मीटरच्या काठीची सावली भर मध्यान्हीला साधारण ९० सेंटीमीटर. मे महिन्याच्या मध्याला हीच सावली शून्य होते. आणि मध्यान्ह १२ वाजता नाही हं. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि पुणे आहे ७३.८५ वर, त्यामुळे (एका अंशाला चार मिनिटं) आपण मुळातच साडेचौतीस मिनिटं मागे. त्यात पुन्हा ही वेळ वर्षभर हलत राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, २१ डिसेंबरला १२:३२ च्या पुढे आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:४९. म्हणजे या दिवसांत सूर्य रोज जवळपास अर्धा मिनिट उशिरा माथ्यावर येतो. कारणं दोन, एक पृथ्वीचा कललेला आस आणि दुसरं म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते (वर्गात थंडी का पडते विचारलं की हमखास कुणीतरी सूर्य लांब जातो म्हणून सांगतं, त्यांच्यासाठी ही ओळ) आणि म्हणून जास्त वेगात पळत असते.

याची गंमत अशी की २१ डिसेंबर सगळ्यात छोटा दिवस, पुण्यात साधारण ११ तासांचा, पण सगळ्यात लवकर अंधार त्या दिवशी पडत नाही, तो पडतो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सहालाही चारेक मिनिटं कमी असताना. २१ डिसेंबरपर्यंत सूर्यास्त सहाच्या पुढे सरकलेला असतो. आणि सकाळचं उलटं, संक्रांतीला सूर्य २१ डिसेंबरपेक्षा सात-आठ मिनिटं उशिरा उगवतो. दिवस तिळातिळाने वाढतो हे खरं, पण तो सगळा तीळ संध्याकाळच्या वाटीत पडतो आणि सकाळच्या वाटीतला उलट कमी होतो. जानेवारीत सकाळचं लेक्चर असलेल्या पोरांचे चेहरे तसे का असतात हे मला आता नीट कळतं.

संक्रांतीचं निघालंच आहे तर, उत्तरायण खरं २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. सतरा-अठरा शतकांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत होतं, नंतर परांचनामुळे (पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी हळू डोलतो, ते) संक्रांत साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस या हिशोबाने पुढे सरकत गेली. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, त्या दिवशी संक्रांत होती. मग त्याच्याही शंभर वर्षं आधीचं पानिपत, १४ जानेवारी १७६१, आपण सगळे संक्रांतीचा दिवस म्हणून सांगतो पण हिशोब केला तर संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. हे मी एकदा एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं आणि समोरचे गृहस्थ असे बघायला लागले जणू मराठे मीच हरवले.

गच्चीवर मी एकटी नसते. खालच्या मजल्यावरच्या काकू आवळासुपारी वाळत घालायला येतात, त्यांना आधी वाटलं मी अँटेना बसवतेय. मग रॉडभोवती खडूचं वर्तुळ काढलं (सकाळी सावली जिथे वर्तुळाला टेकते आणि दुपारी पुन्हा जिथे टेकते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, भर मध्यान्हीचा क्षण पकडण्यापेक्षा ही पद्धत खात्रीची, कारण तेव्हा सावलीची लांबी बदलतच नाही असं वाटतं) तर काकू म्हणाल्या, "मॅडम, हे वास्तूचं आहे का हो? मग आमचं देवघर बघून द्या ना, मोबाईल गच्चीवर एक दाखवतो आणि स्वयंपाकघरात दुसरंच." म्हटलं काकू, स्लॅबमधल्या लोखंडाने मोबाईल गोंधळतो, ही रेषा नाही गोंधळत. आता त्यांच्या देवघराचं तोंड माझ्या रेषेवरून ठरलंय आणि त्याबद्दल मला अर्धी बरणी आवळासुपारी मिळाली, वास्तुशास्त्राशी माझा एवढाच संबंध.

नवऱ्याचं म्हणणं, "अगं, हे सगळे आकडे गूगलवर मिळतात." मिळतात की, वरचे बरेचसे मीही गणिताने काढलेत, खडूने नाही. पण आत्ताच जर्नलं तपासून उठलेय, प्रत्येकात लंबकावरून काढलेला जी (गुरुत्वत्वरण) ९.८ आणि एकाही रीडिंगमध्ये खोट नाही, अख्ख्या बॅचचे लंबक एकमेकांना विचारून झुलल्यासारखे. माझ्या वहीत मात्र एक दिवस ९०.६, एक दिवस ८९.३, एक दिवस ढग. मला ही वही आवडते.

नवीन सेममध्ये एफवायच्या पोरांना हे करायला लावायचा विचार आहे, कॉलेजच्या गच्चीवर, मार्क नाहीत, नुसत्या खुणा. तुम्हाला करायचं असेल तर २१ डिसेंबरची मध्यान्ह मुंबईत १२:३७ च्या आसपास, कोल्हापुरात १२:३१, नागपुरात १२:१२. फेब्रुवारीत त्यात सोळा मिनिटं मिळवा. आमच्याकडे तेव्हा पाऊण वाजून गेलेला असेल आणि त्याच वेळेला टाइमटेबलवाल्यांनी माझं प्रॅक्टिकल लावलंय, ते हलवून घ्यायला एचओडींना गाठायचंय, आवळासुपारी घेऊन जावी म्हणते.