आयटीआयच्या सर्टिफिकेटवर एक 'वाय' कमी : माझा अनुभव

इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड झाला, पास झालो, मार्क बी बरे पडले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी लिहायलोय ते सर्टिफिकेटबद्दल.

आता सगळं ऑनलाइन झालंय. अॅडमिशनचा फॉर्म ऑनलाइन, थिअरीचा पेपर कॉम्प्युटरवर, सर्टिफिकेट पण पोर्टलवरून पीडीएफ उतरवून घ्यायचं. सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू. पण एकदा आत चुकीचं टाइप झालं की ते सगळीकडं तसंच फिरतं आणि दुरुस्त कुणी करायचं हे कुणीच सांगत नाही.

वडलांचं नाव ज्ञानेश्वर, आणि आपल्याकडं नाव म्हणलं की मधे वडलांचं आलंच. दहावीच्या मार्कशीटवर नीट, आधारवर नीट, माझ्या अॅडमिशनच्या फॉर्मवर बी नीट. सर्टिफिकेटवर मात्र इंग्रजीतला वाय गळाला आणि सुरुवातच डी एन ए अशी झाली. पोरं म्हणाली, टेस्ट करून घे बाबा एकदा.

हसायला ठीक होतं, पण वाळूजच्या एका कंपनीत अप्रेंटिसशिपला नाव लागलं होतं. तिथल्या एचआर मॅडम म्हणाल्या, आधारचं नाव आणि सर्टिफिकेटचं नाव जुळत नाही, आधी दुरुस्त करून आणा. त्यांचं पण बरोबर आहे. स्टायपेंडमधला सरकारचा हिस्सा (२५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये) थेट आपल्या खात्यात येतो, त्यामुळं आधार आणि कागद एकसारखे लागतातच.

मग आमच्या आयटीआयचं ऑफिस. क्लार्क म्हणाले, "आमच्या हातात काही नाही, ते वरून होतं." वरून म्हणजे कुठून? तर "पोर्टलवरून." मी म्हणलं सर, पोर्टल काय आभाळात आहे का. म्हणजे मनात म्हणलं. अर्ज दिला, दहावीचं मार्कशीट आणि आधारची झेरॉक्स जोडली, "पाठवून दिलं" म्हणाले. परत गेलो की तेच, पाठवलंय, वरून आलं नाही. कधी साहेब मीटिंगला, कधी नेट नाही, कधी जेवणाची सुट्टी, जी चारपर्यंत चालायची.

शेवटी नेट कॅफेवाल्या दादानं माझ्या लॉगिनमधून स्टेटस काढून दाखवलं. अर्ज वर गेलेलाच नव्हता, आमच्याच आयटीआयकडं पेंडिंग. स्क्रीनशॉट घेऊन गेलो, मोबाइल क्लार्क साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. ऑफिसच्या लॉगिनचा ओटीपी जुन्या प्राचार्यांच्या मोबाइलवर जायचा आणि त्यांची बदली होऊन ते हिंगोलीला गेले होते! म्हणजे इतके दिवस कुणी लॉगिनच केलं नव्हतं. मग मीच नंबर मिळवून सरांना फोन लावला. बिचारे चांगले, म्हणाले "थांब, गाडी बाजूला घेतो." त्यांनी ओटीपी सांगितला, मी ओरडून क्लार्कला सांगितला, तेवढ्यात टाइम संपला, परत दुसरा मागवला. मागं उभी असलेली पोरं बी आकडे मोठ्यानं म्हणायली. अर्ज गेला एकदाचा. पुढं वरच्या ऑफिसातून मंजूर व्हायला काही त्रास झाला नाही.

तोवर वाळूजची ती जागा भरली होती, पुढच्या बॅचला घेतलं. राग त्याचा आहे. २०१९ च्या अप्रेंटिसशिपच्या नियमात आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७,००० ठरले होते, तेवढे महिने ते गेलेच ना.

अॅडमिशनच्या फॉर्मची प्रिंट फेकू नका, माझी चूक नाही हे त्याच्यावरच सिद्ध झालं. परीक्षेच्या हॉल तिकिटावरच स्पेलिंग एकेक अक्षर बघा, तेव्हा सांगितलं तर सोपं जातं. तोंडी "पाठवलं" वर विश्वास ठेवू नका, अर्जाचा नंबर मागा. अजून एक राहिलंच, थिअरीसाठी भारत स्किल्स या सरकारी वेबसाइटवर क्वेश्चन बँक फुकट आहे, क्लासला पैसे घालू नका, आणि ज्यांनी माउस जास्त धरला नाही त्यांनी निमी या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन मॉक टेस्ट देऊन हात बसवा.

आमच्या बॅचमधल्या एकाच्या सर्टिफिकेटवर फोटोच दुसऱ्याचा आलाय. त्याला हिंगोलीच्या सरांचा नंबर देऊन ठेवलाय.