शिरोरेषेतली दोन घरं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी जकार्डची, म्हणजे मागावर विणून काढायच्या नक्षीची, डिझाइनं करतो. २२ वर्षं झाली. सुरुवातीला ग्राफपेपरवर ब्रशनं घरं रंगवायचो आणि त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची. आता सगळं स्क्रीनवर होतं, पण घरं तीच आहेत. भरलेल्या घरात रंगीत सुताचा लूप वर येतो, रिकाम्या घरात पांढरा. एक घर चुकलं तर माग ती चूक इमानेइतबारे प्रत्येक टॉवेलवर विणत राहतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. लग्नसराई जोरात होती. आहेरात द्यायच्या टॉवेलांची ऑर्डर आली, काठावर ‘शुभ विवाह’ विणून हवं होतं. सकाळी आठला बसलो तो रात्री नऊपर्यंत, मध्ये फक्त डबा खायला उठलो. बाहेर ४३ अंश, आत कूलरचा झोत सरळ तोंडावर. पलीकडे शेडमध्ये मागांचा खडखडाट आणि हवेत सुताची कुसं. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. दोनदा पाणी मारून आलो आणि पुन्हा बसलो.

अक्षरं लहान केली की कडा फाटतात, घरं गळतात. ‘शुभ विवाह’च्या शिरोरेषेला पाच-सहा ठिकाणी भेगा पडल्या होत्या. चित्र भरपूर मोठं करून मी एकेक भेग बुजवत गेलो. मला झोप आली नव्हती, कंटाळा नव्हता, हात सराईतपणे चालत होता. काम चोख झालं याची इतकी खात्री होती की फाइल मागावर देताना पुन्हा पाहिलीही नाही. थकवा म्हणजे जांभया, पेंगणं असंच मी तोवर समजत होतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शिलाई खात्यातल्या अक्का टॉवेल घेऊन आल्या. शहराच्या पूर्वभागातल्या, घरात तेलुगू, मराठी इथल्या शाळेत चौथीपर्यंत. वय पंचावन्नच्या पुढे. म्हणाल्या, “मास्तर, हे ‘शुम’ काय ओ? असं कधी लिहीत नाहीत.”

मी टॉवेल जवळ घेऊन पाहिला तर मला ‘शुभ’च दिसलं. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, हात लांब करून समोर धरला. तेव्हा दिसलं. ‘भ’च्या डोक्यावरची रेषा डावीकडे तुटलेली असते, ‘म’ची सलग. आमच्या ठोकळेवजा अक्षरात तो फरक अवघ्या दोन घरांचा. इतर भेगांबरोबर ती भेगही मी बुजवली होती. २४० टॉवेलांवर ‘शुम विवाह’ विणून झालं होतं.

माग थांबवला. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. २४० नग सेकंडच्या भावात गेले. मालकांनी आवाज चढवला नाही, फक्त “चष्मा पुसून बसत जा” म्हणाले आणि त्या महिन्याच्या पगारातून रक्कम कापली. पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. तेरा तास बसवून घेतल्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, स्क्रीन किती लांब असते? माझा चष्मा बायफोकल. खालचा तुकडा वाचायचा, म्हणजे साधारण सव्वा फुटासाठी. स्क्रीन दोन फुटांवर. म्हणजे रोज मान मागे टाकून मी चुकीच्या काचेतून बघत होतो. वर्षभर मानेला बाम चोळत होतो त्याचंही मूळ हेच असावं, असं ते म्हणाले. एरवी माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनवर नजर खिळली की ते निम्म्याहूनही कमी होतं. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो आणि दृष्टी मधूनमधून धूसर होते. त्यात कोरडा उन्हाळा आणि कूलरचा झोत. स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा, डोळ्यांत घालायचे थेंब, आणि दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहणं, एवढं त्यांनी सांगितलं. माझी खोली आठ बाय दहाची आहे, तिच्यात २० फूट कुठून आणणार? टेबल खिडकीशी सरकवलं. आता समोरच्या शेडमागचा कडुनिंब बघतो. कूलर पाठीमागे गेला.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते अक्कांच्या लांब केलेल्या हातानं. जवळचं दिसत नाही म्हणून त्यांनी टॉवेल लांब धरला आणि त्यांना शब्द दिसला. मी इतका जवळ होतो की मला फक्त घरं दिसत होती. आता प्रत्येक डिझाइनचा प्रिंट काढून भिंतीला लावतो, आठ फूट मागे जातो, आणि ज्यानं ते केलेलं नाही अशा एखाद्याला मोठ्यानं वाचायला लावतो. बहुतेकदा अक्काच असतात.

त्यांचे डोळे मात्र अजून तपासलेले नाहीत. एका ट्यूबलाइटखाली दिवसभर पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, सुईत ओवायला शेजारच्या पोरीला हाक. मजुरी नगावर, दवाखान्यात गेलं की दिवस बुडतो. त्या दिवसाचे पैसे मी देतो म्हटलं तर रागावल्या. मग मालकांना अर्ज लिहिला: शिलाई खात्यात दोन दिवे वाढवावेत आणि डोळे तपासायला भरपगारी दिवस द्यावा. एक दिवा लागलाय. दिवसाचं अजून उत्तर नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.