तुम्ही विचारलंत म्हणून: तो बॉल वळतो कुठे?

रविवारी सकाळी पुण्यात तळजाईच्या टेकडीवर फिरायला येणारे काका-काकू थांबतात, पाच-सहा बॉल बघतात आणि विचारतात, "अहो, हा वळणार कुठे, ते तुम्हाला तरी माहीत असतं का?"

नसतं. मी टाकतो तो बेसबॉलमधला नकलबॉल, आणि तो कुठे जाणार हे टाकणाऱ्याला कळत नाही, झेलणाऱ्याला तर नाहीच.

मी मूळचा लेगस्पिनर. शाळेपासून मनगटाला एकच शिकवण: फिरव. पंचेचाळिशीत खांदा कुरकुरायला लागला, तेव्हा कॉलेजच्या टीममधून बेसबॉल खेळणाऱ्या पुतण्याने हे खूळ डोक्यात घातलं. म्हणाला, यात जोर लागत नाही. फिल नीक्रो हा बॉल टाकत ४८व्या वर्षापर्यंत अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये टिकला. एवढं आमिष मला पुरलं.

आता गंमत बघा. नकल म्हणजे बोटाचा सांधा, पण सांध्यांचा इथे काही संबंध नाही. पहिल्या दोन बोटांची नखं शिवणीच्या जरा मागे रोवायची, अंगठा खाली, मनगट लाकडासारखं ताठ, आणि बॉल फेकण्याऐवजी पुढे ढकलायचा. गिरकी जवळपास शून्य हवी. जोरात टाकलेला साधा फास्टबॉल टाकणाऱ्यापासून बॅटरपर्यंतच्या ६० फूट ६ इंचांत दहा-पंधरा गिरक्या घेतो. याने फार तर एक-दीड घ्यावी. बेसबॉलची शिवण क्रिकेटच्या बॉलसारखी सरळ पट्ट्यात नसते, टेनिस बॉलवरच्या रेघेसारखी नागमोडी सगळीकडून जाते, आणि वर उठलेली असते. बॉल फिरत नसला की हवा शिवणीच्या बाजूने एका ठिकाणी सुटते, गुळगुळीत बाजूने दुसऱ्या ठिकाणी, आणि बॉल एकीकडे ओढला जातो. तेवढ्यात तो किंचित वळतो, शिवण जागा बदलते, ओढही बदलते. म्हणून तो मध्येच विचार बदलल्यासारखा डुलतो. एक गिरकी जास्त झाली की मात्र नुसता संथ, गोजिरवाणा बॉल. बॅटरला ताटात वाढल्यासारखा.

पहिले चार महिने मी फक्त वाढत होतो. बॉलवर मार्करने काळा पट्टा काढला होता, तो पुतण्याला स्थिर दिसायला हवा. प्रत्येक बॉलनंतर तिकडून एकच शब्द: "फिरला." तीस वर्षांची सवय मनगटात बसलेली, मी ती दाबतोय आणि ती शेवटच्या क्षणी हळूच डोकं काढतेय. क्रिकेटवाल्यांनाही हा बॉल परका नाही म्हणा; आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११च्या विश्वचषकात तो टाकला होता. पण तो टप्पा पाडून. इथे सगळा खेळ हवेतच.

नखांचं वेगळंच. ती वाढवायची, पण फार नाही, आणि घासून सरळ ठेवायची. ऑफिसात समज आहे की मी गिटार शिकतोय. मी तो दूर केलेला नाही. "बॉल न फिरवायला शिकतोय" हे सांगण्यापेक्षा गिटार सोपं. एकदा स्कूटरची डिकी उघडताना मधल्या बोटाचं नख गेलं, तीन आठवडे सुट्टी.

खरी कीव पुतण्याची करा. तिकडे नकलबॉल झेलणारे कॅचर नेहमीपेक्षा मोठा ग्लोव्ह घालतात. आमच्याकडे एकच ग्लोव्ह, तोही साधा. बॉब युकर नावाचा कॅचर म्हणायचा की नकलबॉल झेलायची युक्ती सोपी आहे, घरंगळत जाऊन थांबला की उचलायचा. पुतण्याला हा विनोद वाटत नाही.

गेल्या रविवारी एक सुटला. पट्टा शेवटपर्यंत दिसत राहिला, बॉल आधी डावीकडे गेला, मग खाली बसला, ग्लोव्हला चुकवून पुतण्याच्या नडगीवर आपटला आणि झुडपात शिरला. "फिरला" आलं नाही. आला तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

कठड्यावरच्या काकांनी विचारलं, "आता कुठे गेला?"

आम्ही दोघांनी हात केले. दोन दिशांना.