सी त्रेपन्न, सी चोपन्न, सी पंचावन्न

माणूस कॅन्सरनं गेला की आमच्या कॅन्सर नोंदणीच्या ऑफिसात त्याचा आजार एका अक्षरात आणि दोन-तीन आकड्यांत बसवावा लागतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे सी ५३. वरच्या भागाचा, म्हणजे खुद्द पिशवीचा, सी ५४. आणि नक्की कुठला ते कागदावरून कळत नसेल तर सी ५५. हा सी ५५ म्हणजे आमचा उकिरडा. मृत्यूच्या नोंदवहीत नुसतं ‘गर्भाशयाचा कॅन्सर’ लिहिलेलं सगळं इथं येऊन पडतं. बीड जिल्ह्यातल्या एका गावची शेहेचाळीस वर्षांची बाई अशीच इथं येऊन पडली होती. मी तिला तिथून काढून दुसऱ्या रकान्यात ठेवलं. नियमानं ठेवलं, वरिष्ठांनी सही केली, फाईल बंद झाली. माझ्या डोक्यात मात्र ती बंद व्हायला तयार नाही.

कॅन्सर नोंदणी म्हणजे एसीत बसून आकडे भरायचं काम, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात हे पायपिटीचं काम आहे. दवाखान्यांच्या रेकॉर्ड रूम, पॅथॉलॉजी लॅबच्या वह्या, जनआरोग्य योजनेच्या फायली, ग्रामपंचायतीची नोंदवही. एकच पेशंट चार ठिकाणी चार स्पेलिंगांनी सापडतो आणि तो एकच आहे हे आम्ही ठरवायचं. जे फक्त मृत्यूच्या नोंदीत आहेत आणि बाकी कुठंच नाहीत, त्यांच्या घरी जावं लागतं. आमच्या भागात त्यालाही हंगाम असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गावांत गेलात तर दारांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. म्हणून आम्ही उन्हाळ्यात जातो, टोळ्या परत आल्यावर.

मृत्यूचं कारण लिहायचा ठरलेला फॉर्म आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, बाहेर झाला तर ४ अ. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याच्याखाली तेही कशामुळे. मूळ आजार सगळ्यात खालच्या ओळीत यायला हवा, आणि आमचं सगळं काम त्या खालच्या ओळीवर चालतं. डॉक्टरमंडळी वरच्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितात आणि सही ठोकून मोकळी होतात. हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय कोणी मेलंय का आजवर? एमडी झालेल्यांकडूनसुद्धा असे फॉर्म येतात. विचारायला गेलं तर, ‘मॅडम, पेशंट गेला, आता काय फरक पडतो?’

फरक असा पडतो. २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्क्यांचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूचं होतं. आता या दोन ठिकाणांचे मृत्युदर शेजारी मांडून कोणी रंगीत नकाशा काढला, तर गोवा गडद दिसणार आणि जिथं कोणी काही लिहीतच नाही तो मुलूख छान फिकट दिसणार. असे नकाशे दाखवून ‘अमुक भागात गर्भाशयाचा कॅन्सर कमी’ म्हणणारी भाषणं मी ऐकली आहेत. टाळ्याही ऐकल्या आहेत.

तर त्या बाईंचं घर. आशाताई बरोबर होत्या, नाहीतर अनोळखी बाई कागद मागायला आली की लोक कर्जवाली समजतात. मुलगा घरी होता, सून चुलीपाशी.

“आईला काय झालं होतं, दादा?”

“पिशवीचा कॅन्सर.”

“पिशवीचं ऑपरेशन कधी झालं होतं?” हा प्रश्न मी या पट्ट्यात सवयीनंच विचारते.

“ते तर आधीच झाल्यालं. कॅन्सर निघायच्या आधी दोन-अडीच वर्सं.”

पिशवी आधीच काढलेली आणि नंतर पिशवीचा कॅन्सर. माझं पेन थांबलं. असं कधी कधी होऊ शकतं, पण मग कागद लागतात. सुनेनं खुंटीवरची कॅरीबॅग काढून आणली. आमच्या धंद्यातली सगळ्यात भरवशाची फाईल ती. रेकॉर्ड रूमला आग लागते, उंदीर लागतात, कारकून बदलतो; घरच्या खुंटीवरचा कागद जपला जातो. कारण त्याला पैसे मोजलेले असतात.

पहिला कागद एका खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. ऑपरेशन : टीएएच विथ बीएसओ. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं, सोबत दोन्ही अंडाशयंही. तेव्हा बाईंचं वय जेमतेम एक्केचाळीस. निदान : डीयूबी. म्हणजे कारण न सापडलेला रक्तस्राव. कारण शोधून सापडलं नाही की शोधलंच नाही, हे त्या तीन अक्षरांवरून कळत नाही. पॅप, म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी, नाही, गर्भाशयाच्या तोंडाची नजरेनं तपासणी नाही, क्युरेटिंग, म्हणजे आतलं अस्तर खरवडून बघणं, नाही. आणि कार्डावर छापील रकाना होता : ‘एचपीई रिपोर्ट’. काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काय सापडलं ते तिथं यायचं. तिथं एक आडवी रेघ मारलेली होती.

“पिशवी तपासायला पाठवली होती का?”

“डाक्टरांनी आम्हाला दाखवली ना,” मुलगा म्हणाला. “ट्रेमधी आणली होती. चिमट्यानं दाबून दाखवलं, हे बघा किती खराब झालंय. मग सिस्टर घिऊन गेली.”

सिस्टर कुठं घेऊन गेली ते मला माहीत आहे. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. दहा टक्के फॉर्मालिनची एक बरणी, त्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी आणि लॅबचा हजार-दीड हजाराचा खर्च, एवढ्यानं ते गर्भाशय आज बोलू शकलं असतं. नातेवाइकांना दाखवायला ट्रे मिळतो, लॅबला पाठवायला बरणी मिळत नाही. या प्रकाराचा मला जितका राग येतो तितका कशाचाच येत नाही.

दुसरा गठ्ठा बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचा. तिथला बायोप्सी रिपोर्ट कसा स्वच्छ, टाइप केलेला : व्हॉल्ट बायोप्सी, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. व्हॉल्ट म्हणजे गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाचं वरचं टोक जिथं शिवतात ती जागा. आता खुद्द पिशवीच्या अस्तरातून होणारा कॅन्सर बहुतेक वेळा ग्रंथींच्या पेशींचा, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा असतो. स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींचा, हा प्रामुख्यानं गर्भाशयाच्या तोंडाचा प्रकार. म्हणजे बहुधा ऑपरेशनच्या वेळीच गर्भाशयाच्या तोंडावर कॅन्सर होता, रक्त त्याचंच जात होतं. तो न पाहता साधं ऑपरेशन झालं, मूळ आजाराचा पुरावा पिवळ्या पिशवीत गेला आणि मागे राहिलेला शिवणीवर उगवला. रेडिएशनच्या पंचवीस बैठका ठरल्या होत्या. निम्म्यावर सुटल्या. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती आणि एका कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, दोन माणसं लागतात. मुलगा हे सांगताना माझ्याकडं पाहत नव्हता, आणि मी काही विचारलंही नाही.

ऑफिसात आल्यावर कोडिंगचा घोळ सुरू झाला. ग्रामपंचायत म्हणते गर्भाशय, म्हणजे सी ५५. बायोप्सी म्हणते व्हॉल्ट. व्हॉल्ट योनिमार्गात मोडतो, म्हणजे सी ५२. मला दिसतंय सी ५३. आधी तोंडाचा कॅन्सर झाल्याची नोंद असती आणि काही वर्षांत तो व्हॉल्टवर आला असता, तर जुनाच परतलाय असं धरता आलं असतं. इथं आधीची नोंदच नाही, कारण कोणी पाहिलंच नाही. आमचे सर म्हणाले, “आपण कागद कोड करतो, अंदाज नाही.” बरोबरच आहे त्यांचं. प्रत्येक जण आपला अंदाज घालायला लागला तर नोंदणीला काही अर्थ राहणार नाही, हे मीच नवीन मुलांना शिकवते. शेवटी कोड सी ५२ असाच गेला. गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेलेल्या बायकांच्या आमच्या तक्त्यात ती आता कुठंच नाही. रिमार्क्समध्ये चार ओळी लिहिल्या आहेत. रिमार्क्स तक्त्यात छापत नाहीत.

हे झालं अंशाचं. छेदाची गोष्ट आणखी वेगळी आहे. मृत्युदर काढताना भागायचं ते जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांच्या संख्येनं. पण ज्यांना गर्भाशयच नाही त्यांना त्याचा कॅन्सर कसा होणार? त्यांना छेदात धरलं की दर आपोआप खाली येतो. अमेरिकेत २०१७ साली संशोधकांनी अशा बायका वगळून गणित पुन्हा केलं, तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मृत्युदर कृष्णवर्णीय बायकांमध्ये लाखाला ५.७ चा १०.१ झाला आणि गोऱ्यांमध्ये ३.२ चा ४.७. दोघींमधली दरी वाटत होती त्याहून मोठी निघाली.

आमच्याकडे हे गणित कोणी करायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. आंध्र-तेलंगणात आठ टक्क्यांच्या वर. आणि बीडमध्ये २०१९ साली ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. सहातली एक. खाडा पडला की दंड, पाळीचे दिवस म्हणजे खाडा, आणि ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं सांगणारा डॉक्टर. गंमत अशी, की तो डॉक्टर अगदीच खोटं बोलत नाही. गर्भाशय नसेल तर त्याचा कॅन्सर होत नाही. उद्या बीडचा दर उतरला तर श्रेय त्यालाही द्यावं लागेल! चाळिशीच्या आत अंडाशयं गेल्यावर हाडांचं नि हृदयाचं काय होतं, ते आमच्या रजिस्टरमध्ये येत नाही.

दर खरोखर उतरतोही आहे, हे नाकारायचं नाही. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, देशातली पहिली. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर शहरांत कित्येक दशकं घटतोय, मोठी तपासणी मोहीम नसतानाही. लग्नाचं वय वाढलं, मुलं कमी झाली, पाणी-संडास घरात आले, असं त्याचं कारण देतात. त्याच शहरांत पिशवीचा, म्हणजे सी ५४, वाढतोय. त्याला वजन आणि मधुमेह कारण. गावात एक प्रश्न, शहरात दुसरा. आणि सी ५५ चा ढीग मोठा असला की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन एक चाचणी झाली. निकाल २००९ साली आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर ज्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. साऱ्या जगानं तो पुरावा उचलला. त्या बाईंच्या गावापासून त्या जिल्ह्याची हद्द एसटीनं तासाभरावर आहे, आणि त्यांची एकदाही कसलीच तपासणी झाली नव्हती.

निघताना सून मागोमाग अंगणात आली. वय तीसच्या आत-बाहेर. तिनं पदराखालून एक सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला.

“मॅडम, माझी बी काढायला सांगितलीय. आत्याबाईंचं असं झालं म्हणून मी हो म्हणले. पैसे उचलीतून द्यायचे ठरलंय.”

रिपोर्टवर लाल पेनानं गोल केला होता : ‘नॅबोथियन सिस्ट’. मूल झालेल्या कितीतरी बायकांमध्ये सापडणाऱ्या, बहुतेक वेळा काही न करणाऱ्या बारीक गाठी. मी डॉक्टर नाही आणि घरभेटीत सल्ला द्यायचा नाही ही आमची शिस्त आहे. मी म्हटलं, काढायच्या आधी सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून बघतात, पाच मिनिटांचं काम, फुकट. आणि समजा काढलीच, तर बरणीत घालून लॅबला पाठवल्याची पावती मागा. जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेतलीय का, असंही विचारलं. “ते डाक्टर बघून घेत्यात,” म्हणाली.

ऑफिसात हे कोणाला सांगितलं नाही. आशाताईंना मात्र अधूनमधून फोन करते. ती एकदा आरोग्य केंद्रात गेली होती, पण प्रशिक्षण झालेल्या सिस्टर लसीकरणाला गेलेल्या. गुरुवारी या म्हणाले. गुरुवारी तिला खुरपणीची मजुरी होती, पुढच्या गुरुवारी पाळी. टोळी दसऱ्यानंतर निघणार आहे, मध्ये दोन गुरुवार आहेत. पहिल्याला सिस्टर केंद्रात असतील एवढं आशाताईंनी विचारून ठेवलंय, आणि त्या दिवसाची तिची मजुरी देते म्हटलं तर आशाताई माझ्यावरच चिडल्या.