काबुली वडा

फलाफल, म्हणजे अरबी पद्धतीचे तळलेले गोळे, मी पहिल्यांदा खाल्ले ते पुष्करला, आईला ब्रह्मदेवाच्या दर्शनासाठी घेऊन गेलो होतो तेव्हा. घाटाकडून परतताना आम्ही ज्या गल्लीतून चालत होतो तिथे पाठीवर मोठमोठ्या पिशव्या घेतलेल्या इस्रायली तरुणांची वर्दळ होती, दुकानांवर हिब्रू अक्षरांच्या पाट्या होत्या, आणि एका हातगाडीवर फेटा बांधलेला राजस्थानी माणूस कढईत हिरवट गोळे सोडत होता. पुष्करात मांस आणि अंडे चालत नसल्यामुळे आईने बाहेर खाण्याला हरकत घेतली नाही. गाडीवाल्याने मोठ्या पोळीवर हुमूस, म्हणजे उकडलेल्या चण्यांची मऊ चटणी, फासले, त्यावर चार गोळे बोटांनी दाबून बसवले, कोबी, टोमॅटो आणि तिळाची पातळ चटणी घातली आणि गुंडाळी करून कागदात हातावर ठेवली. साठ रुपयांत आम्हा दोघांचे पोट भरले. आईने पहिला घास घेतल्यावर गोळ्याचे आतले अंग उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाली, "हे तं आपले वडेच व्हय रे. सांबार मस्त टाकला यानं."

आमच्याकडे विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. एरवी सांबारवडीचे नाव ऐकून पाहुणे इडलीशेजारची वाटी शोधू लागतात.

आईचे निदान किती अचूक होते हे मला पुढे कळले. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन आणि इस्रायल या भागांत फलाफल काबुली चण्याचे करतात, तर इजिप्तमध्ये ते बाकला नावाच्या शेंगेच्या वाळलेल्या दाण्यांचे असते आणि त्याला तामिया म्हणतात. दाणा कोणताही असो, तो भिजवायचा असतो, शिजवायचा नसतो, हा सगळ्यांचा समान नियम आहे. भरड वाटण, कांदा, लसूण, जिरे, धणे, हिरवा पाला आणि कडक तेल, एवढाच सारा संसार. वडाभातासाठी डाळी भिजवून जाडसर वाटणाऱ्या आमच्या घरांना यात परके असे काय वाटणार? नावाचे नाते तर त्याहून जवळचे निघाले. फलाफल हा शब्द अरबी फिलफिलशी, म्हणजे मिरीशी जोडला जातो, आणि फिलफिलचे मूळ फारसीतून संस्कृत पिप्पलीपर्यंत नेले जाते. ही पिप्पली म्हणजे पिंपळी, आणि अंजनगाव सुर्जीच्या ज्या पानपिंपळीच्या मळ्यांतून आमची एसटी रोज जाते, त्यांतल्या वेलांवर ती लागलेली मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एवढा लांबचा प्रवास करून आलेला शब्द आपल्याच बांधावर भेटावा, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

पुष्करनंतर बरीच वर्षे मी फलाफलच्या शोधात होतो. नागपूरच्या एका वातानुकूलित उपाहारगृहात ते मिळाले, पण दोनशे ऐंशी रुपयांत तीन गोळे, काळ्या दगडी पाटीवर, चटणीचा एक फराटा ओढून मांडलेले. ते केव्हा तळले होते ते तळणाऱ्यालाच ठाऊक; आतून भुशासारखे कोरडे झाले होते आणि घास गिळण्यासाठी पाणी लागत होते. फलाफल महाग झाले की वाईट होते, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे, आणि त्यामागे कंजूषपणापेक्षा कढईचा हिशेब अधिक आहे. स्वस्त वस्तूला गिऱ्हाईक जास्त असते, गिऱ्हाईक जास्त असले की कढई थंड होत नाही, आणि गोळ्याला ताटात पडून राहायला वेळच मिळत नाही. तेलातून निघाल्यापासून दोन-चार मिनिटांत ते तोंडात गेले पाहिजे. वरचे कवच मोडताना आवाज आला पाहिजे आणि आतून वाफ निघाली पाहिजे. महागड्या दुकानात दिवसाला सहा गिऱ्हाइके येणार असतील, तर बिचारा आचारी तरी काय करील?

शेवटी घरी करायचे ठरवले. काबुली चण्याला आमच्या भागात तोटा नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे काक-२ हे टपोऱ्या दाण्याचे वाण शेतकऱ्यांच्या चांगले ओळखीचे आहे. मी अर्धा किलो चणे रात्रभर भिजवले आणि सकाळी, छोल्यांची सवय असल्यामुळे, कुकरला तीन शिट्ट्या देऊन वाटले. पहिला गोळा तेलात सोडताच तो फसफसला, फुटला आणि कढईभर पसरला. दुसऱ्याने त्याचेच अनुकरण केले. आई दाराशी येऊन उभी राहिली होती. "कायले उकडले रे बापा? वडे का उकडल्या डाळीचे होतेत?" तिचे बरोबर होते. शिजलेल्या दाण्यातले पिठूळ सत्त्व आधीच फुगून मऊ झालेले असते. कच्च्या दाण्यातले ते तेलाच्या उष्णतेने फुगते आणि गोळ्याला आतून धरून ठेवते. दुसऱ्या दिवशी मी आईच्या देखरेखीखाली भिजलेले चणे फडक्यावर पसरून कोरडे केले, रव्याहून किंचित जाड वाटले आणि त्यात सांबाराची अख्खी जुडी घातली. एकही गोळा फुटला नाही.

तिळाची चटणी करतानाची एक गंमत सांगितली पाहिजे. हलके भाजलेले तीळ मिक्सरमध्ये बराच वेळ फिरवले की आधी भुगा होतो, मग तेल सुटून ओघळणारा तपकिरी लगदा होतो, इथवर सरळ आहे. पण त्यात लिंबाचा रस आणि थोडे पाणी घातले की तो पातळ होण्याऐवजी एकदम घट्ट होऊन चमच्याला चिकटतो, आणि आपले काहीतरी बिघडले अशी खात्री पटते. धीर धरून आणखी पाणी घालत फेटत राहिले की तो बघता बघता पांढरट आणि मऊ होतो.

फलाफल ज्यात भरतात ती खिशासारखी उघडणारी अरबी रोटी, पिटा, मात्र आमच्याकडे मिळत नाही. तव्यावरून उतरलेली ज्वारीची फुगलेली भाकर कडेने फोडली की आत पिट्यासारखाच खिसा तयार होतो, आणि त्यात फलाफल भरून मी खाल्लेले आहे. फक्त ते पाच मिनिटांच्या आत संपवावे लागते, कारण भाकर निवली की पापुद्रा तडकतो आणि चटणी कोपरापर्यंत येते.

बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडसमोर भजे आणि आलूबोंडे तळणाऱ्या भाऊंना मी ही कृती सांगितली, तेव्हा त्यांनी नाव ऐकून घेतले आणि पाटीवर "काबुली वडा" असे लिहिले. पावात दोन वडे, कांदा, तिळाची चटणी, वीस रुपये. दोन बाजार काबुली चालला. मग भावाचा विचार करून भाऊ देशी हरभऱ्यावर आले. पाटी तीच राहिली. मी हलकेच तक्रार केली, तर म्हणाले, "भाऊ, काबुली म्हन्लं का गिऱ्हाईक थांबते, अन् हरभरा टाकला का दोन पैसे उरतेत." सालीमुळे वडा जरा काळसर होतो, पण चवीला खमंग लागतो, आणि बाकल्यावर भागवणाऱ्या इजिप्तने ज्याची लाज बाळगली नाही त्याबद्दल मी कुरकुर करण्यात अर्थ नव्हता. कढई दुपारी चारपर्यंत एकदाही उतरत नाही.

मी घरी नेताना पाव घेत नाही. आई ते वडे वाफाळत्या भातावर कुस्करते, वर मोहरी-हिंगाची फोडणी घातलेले तेल सोडते, आणि मला म्हणते की पुष्करच्या त्या फेटेवाल्याला एवढे एक कोणीतरी सांगायला पाहिजे होते.